चौथ्या खोलीचा एरर

१२ मे १९९७, पाचोरा

धुळ्याहून सकाळच्या एसटीने आले. पहिली नोकरी! आईने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता, तो इथल्या सगळ्यांनी मिळून संपवला. बन्सीलालशेठचं केळीचं शीतगृह गावाबाहेर आहे. बाहेर अंगाची लाही होते, आत शिरलं की शिरशिरी. चार खोल्या. यंत्रघरातला संगणक प्रत्येकीचं तापमान मोजतो आणि वायरीने ऑफिसातल्या संगणकाला कळवतो. ऑफिसातला आता माझा. शेठनी स्वतः खुर्ची पुसून दिली. मेकॅनिक निंबाभाऊंनी हौसेने सगळी यंत्रं दाखवली. तीन खोल्या भरलेल्या, चौथीला कुलूप. दुरुस्तीला आलीय म्हणाले. राहायला केसरअक्कांची मागची खोली मिळाली. अंगणात कडुलिंब आहे, झोप छान लागेल.

१४ मे

दुपारी सगळे जेवायला गेले आणि पडद्यावर आलं: ‘अननोन एरर’. काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही. डॉक्टरने नाडी बघून ‘तुम्ही आजारी आहात’ एवढंच सांगावं, तसं. वायरी तपासल्या, संगणक बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेठ म्हणाले, येतं ते कधीकधी, लक्ष देऊ नका. पण मग मला ठेवलंय कशाला?

१७ मे

जुना प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. लिहिणाऱ्याने आळस केलाय. ज्याचं काय करावं ते सुचलं नाही, त्या सगळ्याला एकच संदेश. एरर कुठून येतो तेही दाखवेल असा बदल केला, आणि दुपारी उत्तर मिळालं: चौथ्या खोलीतली घंटा. आत कुणी अडकलं तर दाबायची.

निंबाभाऊंना सांगितलं. त्यांनी मला यंत्रघरात नेऊन त्या घंटेची वायर दाखवली. कापलेली, टोकाला काळी टेप. घंटा तर भिंतीतून केव्हाच उपटून टाकलीय म्हणाले.

मग संदेश पाठवतंय कोण?

१९ मे

अक्कांना विचारलं. आधी उठून गेल्या. मग पदराने डोळे पुसत सांगितलं. वना नावाचा हमाल, त्यांच्या शेजारचा. रामनवमीच्या सुटीआधी खोली चारचं दार त्याच्यामागे लागलं. त्याने घंटा दाबली. दाबत राहिला. ऑफिसात ‘अननोन एरर’ आलं, कुणाला काही कळलं नाही. शेठनी संगणक बंद केला आणि सगळे घरी गेले. दार उघडलं ते सुटीनंतर.

अक्का म्हणाल्या, ‘‘तठे जाऊ नको, माय. वना अजून तठेच शे.’’

रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

२० मे

संदेश बदलला. मराठीतच, रोमन अक्षरांत: ‘खोली चार. माणूस आत.’ असाच असायला हवा होता. वना जगला असता.

२१ मे

दुपारी आला. खोली चार. माणूस आत.

शेठना बोलावून दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. जुना संदेश परत घाला म्हणाले, आजच्या आज. मी नाही घातला. निंबाभाऊ म्हणाले, उद्या कुलूप काढून दाखवतो, आत काही नाही. तुमचीही भीती जाईल, माझीही.

२२ मे

निंबाभाऊ आत गेले — दार लागलं. मी मुठीला लोंबकळले, हलत नाही. मजूर जेवायला गेलेत. शेठ आज आलेच नाहीत.

आतून ठोकल्याचा आवाज. दोन ठिकाणांहून —

पहार घ्यायला ऑफिसात आले आणि हेही दार लागलं. बाहेरून कडीसुद्धा नाही या दाराला. खिडकीला गज, फोन बंद. ओरडून घसा बसला. म्हणून लिहिते, कुणाला तरी मिळेल — निंबाभाऊंना आधी काढा —

पडद्यावर आलंय: ऑफिस. माणूस आत.

ऑफिससाठी मी ओळ लिहिलीच नव्हती. इथे घंटा नाही, वायर नाही —

गार पडतंय. तोंडातून वाफ. बोटं वळत ना—

ओळ आपोआप बदलली. ऑफिस. माणसं आत.

मागे कुणीतरी — वळून बघणार ना—