तुला विचारायचं राहिलं

आये,

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला थांबला का? थोरली वयनी तिकडे तुझ्याजवळच असेल, तिचं डोकं अजून दुखतं का? मी बरी आहे. पोरं मुंबईला, घरात बोलायला कोणी नाही, म्हणून तुलाच लिहितेय. एक गोष्ट सांगायची राहून गेलीय.

दापोलीहून आपल्या हर्ण्यात एक डॉक्टरीणबाई येतात. रक्तदाबाच्या नव्या औषधाची चाचणी करतायत. म्हणतात, औषधं शहरातल्या माणसांवर तपासली जातात, उन्हात खपणाऱ्या तुमच्यासारख्या बायका त्यात नसतातच. मग ती तुम्हाला लागू पडतात का, ते कळायचं कसं? माझं मी वाचायला शिकले, म्हणून बायकांना कागद समजावून सांगायला त्यांनी मला घेतलं. आधी त्या सकाळी दहाला दापोलीला बोलवायच्या. एकही बाई जाईना. मी म्हटलं, "बाई, बोंबील वाळत घातलेत. कावळ्यांना काय तुमचा कागद दाखवायचा?" तेव्हापासून त्याच दुपारी इथं येतात. एका हातानं कावळे हाकतात, दुसऱ्यानं नाडी बघतात.

काल शेजारच्या म्हातारीचा नंबर होता. तिचा लेक म्हणाला, "तिला काय कळतंय? मी सांगतो ना, घाला नाव." बाई म्हणाल्या, "दादा, गोळी त्या घेणार. मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय." मी सगळं वाचून दाखवलं. म्हातारीनं बाईंकडे बघितलं. "नको म्हटला तर रागावशील गो?"

"नाही हो आजी."

"मग नको."

आणि अशी खुशीत हसली, जणू जन्मात पहिल्यांदाच तिला कुणी काही विचारलं.

मला मात्र तिथं बसवेना. रत्नागिरीचा तो दवाखाना आठवतो. तू बाकावर बसलीयस, मासळीची रिकामी पाटी पायाशी. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणतात, नवं औषध तपासतोय, आईंना विचारा, घेतील का. तू दोन हातांवर होतीस, आये. मी वळूनसुद्धा बघितलं नाही. "तिला काय समजणार, नको," म्हणून मोकळी झाले. एस्टीत तू विचारलंस, "डॉक्टर काय म्हणत होता गो?" मी म्हटलं, "मीठ सोड म्हणाला." तू मरेपर्यंत आळणी जेवलीस.

तो तसं म्हणालाच नव्हता.

त्या औषधानं तू जगली असतीस का, ते मला ठाऊक नाही. पण तू हो म्हणाली असतीस की नको, एवढं तरी सांग. या पत्रावर पत्ता काय घालू, तेही कळत नाही. तरी लवकर लिही.