माझ्या झोपेवर नेमलेली समिती

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (आडवं पडलं की धाप लागते, तेव्हा बसल्याबसल्याच घातला असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचं बीपी? माझी छाती होती तशीच आहे, पण झोपेची प्रगती जोरात आहे. फुफ्फुसांचे जुनाट पेशंट नीट झोपले तर लवकर सुधारतात, असं या दवाखान्याच्या ध्यानात आलं असून त्यासाठी समिती नेमली आहे. माझ्या झोपेची काळजी सध्या सात माणसं वाहतात, त्यामुळे मला झोपायला सवड मिळत नाही.

सोमवारपासून दुपारी दोन ते चार 'शांततेचा तास' सुरू झाला. (तास एक, वेळ दोन तासांची; पण समितीशी गणितावरून कोण भांडणार.) पहिल्याच दुपारी 'शांतता राखा' ही पाटी लावायला सुतार आला आणि माझ्या उशाशी ड्रिलने चार भोकं पाडून गेला. दुसऱ्या दुपारी मोठ्या सिस्टरनी डोळ्यांवर बांधायच्या काळ्या पट्ट्या आणि कानात घालायचे बोळे वाटले. मी दोन्ही इमानेइतबारे चढवली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा ढाराढूर झोपलो. नेमके तेव्हाच समितीचे तरुण डॉक्टर पाहणीला आले. "काका, झोप लागते का?" असं त्यांनी तीनदा विचारलं म्हणे. उत्तर नाही. त्यात ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेला चिमटा गळून पडलेला, त्यामुळे मशीनवर आकडाही दिसेना. शेजारच्या खाटेवरचे रिटायर बसड्रायव्हर जीव तोडून सांगत होते, "अहो, झोपलेत ते." पण पेशंट झोपला असेल, ही शक्यता समितीच्या डोक्यातच नव्हती. मी जागा झालो तेव्हा सहा जण मला गदागदा हलवत होते.

"तुम्ही उत्तर का देत नव्हतात?" डॉक्टरांनी घाम पुसत विचारलं.

"झोपलो होतो," मी म्हटलं. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. पट्टी आणि बोळे जप्त झाले.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : मी मजेत आहे. इतके जिने चढून मुद्दाम येऊ नकोस.

दुसरा ता. क. : वरचा ता. क. वाचू नकोस. खरं सांगतो, झोप बोळ्यांमुळे लागली नव्हती. डोळा मिटला की श्वास राहून जाईल अशी मला धास्ती वाटते, आणि समितीच्या फॉर्मात त्याला रकाना नाही. त्या दुपारी ड्रायव्हर म्हणाले होते, "तुम्ही झोपा, मी बघतो तुमच्याकडे." त्यांना उद्या घरी सोडतायत. तू दोन वाजता येशील? काही आणू नकोस. नुसती बसून राहा.