माळावरची चार पिलं

८ जानेवारी, भूज

उद्या परतीला निघायचं. घर सोडून सोळा दिवस झाले. रानगाढवं मिळाली, रोहित पक्षी मिळाले. रणातली एक सकाळ तर अशी मिळाली की मंगलताई दहा मिनिटं गप्प होत्या. लांडगा मात्र नाही. गेल्या साली राजस्थानात नाही, त्याआधी स्पितीत नाही. इथं परवा झुडपात शिरताना शेपूट दिसली. फोटोत तीही हललीय.

मंगलताई म्हणतात, "वैनी, त्याला तुझं तोंड बघायचं नसंल." माझी नणंद, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. गाडी मी चालवते, रस्ता त्या सांगतात, चुकतो दोघी.

११ जानेवारी, अंबाजोगाई

घरी पोचलो. तेलगावहून धारूरचा घाट धरला, संध्याकाळचं ऊन चांगलं मिळेल म्हणून. ऊन मिळालं, गाडीही तापली. बॉनेट उघडून उभ्या होतो तर मेंढरं घेऊन एक बाई आली. पन्नाशीची असेल. कॅनमधलं पाणी दिलं न मागता.

"कावून थांबलाव? आन् ही तोफ कशाची?"

तोफ म्हणजे माझी मोठी लेन्स. मग मंगलताईंनी तिला सगळं पुराण सांगितलं. वैनी दवाखान्यात सिस्टर होती, सत्तावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात, मुदतीआधी नोकरी सोडली, आता दोघी देशभर जनावरांचे फोटो काढत हिंडतो, लांडगा काही मिळत नाही. बाई हसत हसत खालीच बसली.

"लांडग्यापायी गुजरातला गेलत्या व्हय? आन् हितं माझ्या मेंढरांमागं रोज हिंडतोय, त्याला कुणी इचारीना!"

नाव सरूबाई. माळावर बिळात पिलं आहेत म्हणाली. कुठं ते सांगितलं नाही. माझा नंबर मात्र घेतला.

१५ जानेवारी

सरूबाईचा फोन. "उंद्या दिस उगवायला या. दोघीच."

हे म्हणाले, "अगं, आत्ताच तर आलीस." डबा मात्र स्वतःच भरून ठेवतायत. कुठं जातेय ते सांगितलं नाही, पहिल्यांदाच.

१६ जानेवारी

मिळाला!!

गाडी डांबरीवर सोडली आणि सरूबाईच्या मागं अर्धा तास चाललो. वाटेत तिनं थांबवून वचन घेतलं. "जागा कुनाला सांगायची न्हाई. तुमच्या मालकाला बी न्हाई." म्हटलं, नाही सांगणार. म्हणून इथंही नुसतं 'माळ' लिहितेय.

गेल्या महिन्यात तिचं कोकरू गेलं. तिचा नवरा बिळात धूर घालायला निघाला होता. "मी आडवी झाले," म्हणाली. "कोकरू गेलं त्याचं वाईट वाटतंया. पर लेकुरवाळी हाय ती." नवरा आता दुसरा कळप घेऊन केजच्या अंगाला गेलाय. त्या दिवसापासून तिच्याशी धड बोलत नाही.

काटेरी झुडपाआड पोटावर पडून राहिलो. आधी एक पिलू बाहेर आलं, मग दोन, मग सगळ्यात बारकं चौथं, पडत धडपडत. मग आई आली. इकडं तिकडं बघून आडवी झाली आणि चारही पिलं तिला लुचायला लागली. बारक्याला जागा मिळेना. तिनं पाय उचलून करून दिली.

एक फोटो अगदी स्वच्छ आलाय. आई थेट लेन्सकडं बघतेय.

१७ जानेवारी

फोटो आमच्या ग्रूपवर टाकला. चारेकशे जण आहेत, सगळे जंगलात फिरणारे. जागा लिहिली नाही, जिल्हासुद्धा नाही. दिवसभर फोन वाजतोय. पुण्याचे ते ज्येष्ठ फोटोग्राफर, जे कुणाला कधी बरं म्हणत नाहीत, त्यांनी 'अप्रतिम' लिहिलं. चार वेळा वाचलं मी ते.

मंगलताई: "सरूबाईला दावलास का?"

दाखवीन की.

२१ जानेवारी, रविवार

सकाळी नऊला सरूबाईचा फोन. "बाई, पाच गाड्या आल्यात माळावर. तुमचीच मान्सं हायेत का? तुमच्यासारख्याच तोफा हायेत."

गाडी कशी चालवली आठवत नाही. मंगलताई बरोबर होत्या.

बिळापासून तीस-चाळीस पावलांवर गाड्या. एकानं ड्रोन उडवलेलं. सरूबाई लांब उभी होती. तिनं सांगितलं, गाड्यांचा आवाज आला तशी आईनं पिलं उचलायला सुरुवात केली. एकेक तोंडात धरून ओढ्यापलीकडं. तीन नेली. चौथ्याला परत आली तर वाटेत माणसं. दोनदा आली, दोनदा माघारी गेली.

मी त्यांना गाड्या काढा म्हणाले. एकाला विचारलं, जागा कुणी सांगितली? "कुणी कशाला सांगायला पाहिजे? तुमच्या फोटोत मागं तीन पवनचक्क्या आहेत, एकीचं पातं मोडलेलं. शोधलं." जरा कौतुकानंच बोलला. मी पुन्हा म्हणाले, पिलू आत आहे, निघा. तर दुसरा म्हणाला, "ताई, तुम्हाला तुमचा फोटो मिळाला ना?"



उत्तर सरूबाईनं दिलं. तोंडानं नाही. तिनं सगळी मेंढरं हाकली आणि त्या गाड्यांच्या अन् बिळाच्या मधे आणून सोडली. दीडशेक तरी असतील. धुरळा असा उठला की कुणाला काही दिसेना. मंगलताई तिच्या शेजारी काठी घेऊन उभ्या राहिल्या. एक जण ओरडला, "बाजूला घ्या ओ मेंढरं!" सरूबाई म्हणाली, "चरत्यात. गायरान हाय." तासाभरात सगळे गेले. तेव्हाच तिनं मेंढरं मागं घेतली.

मग आम्ही तिघी लांब टेकाडावर बसलो. वारा पडला की बारक्याचं कुईकुई ऐकू यायचं. मंगलताई म्हणाल्या, घरी नेऊ, दूध पाजू. सरूबाई: "हात लावायचा न्हाई. मान्साचा वास लागला की संपलं. ती यील. न्हाई आली तर न्हाई."

तेव्हा सांगितलं तिला. फोटो मीच टाकला होता म्हणून.

तिनं मेंढरांकडं तोंड फिरवलं. मग एवढंच म्हणाली, "मला तर दावलाबी न्हाई तुमी."

दिवस बुडायला निघालो. आई आली नव्हती.

२२ जानेवारी

उजाडता परत गेले. बीळ रिकामं.

आईनं नेलं की कुत्र्यांनी? जमिनीवर काही वाचता येत नाही, कालच्या मेंढरांच्या खुरांनी सगळं तुडवलेलं. सरूबाई वाकून वाकून बघत होती. रक्त नाही कुठं, पण त्यानं काय कळतं.

"जावा तुमी," म्हणाली.

२४ जानेवारी

ग्रूपवरून फोटो काढला. उपयोग नाही, केव्हाच पसरलाय. ग्रूपही सोडला. ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, समजूत घातली नाही, ते बरं केलं.

वॉर्डात बाळंतिणीपाशी दोनापेक्षा जास्त नातेवाईक मी कधी उभे राहू दिले नाहीत. भांडायचे लोक, तरी नाही. आणि इथं चारशे जणांना...

२९ जानेवारी

फोटो मोठा छापून घेतला, सरूबाईला द्यायला गेले. एकटीच. भेटेल का वाटत होतं. भेटली. मेंढरं ओढ्यावर पाणी पीत होती.

फोटो दोन्ही हातांत धरून बघितला तिनं. बोटानं एकेक पिलू मोजलं. "हेच बारकं मागं ऱ्हायलं." मग आईच्या तोंडावर बोट ठेवलं. "बघतीय कशी." मग त्याची चौपदरी घडी घालून कमरेच्या पिशवीत पानसुपारीबरोबर ठेवला. घडीची रेघ बरोबर लांडगीच्या मानेवरून गेली.

माफी मागायची ठरवून गेले होते. मागितली. ती म्हणाली, "मालक म्हनत्यात, धूर घालू दिला आस्ता तर येवढं झालंच नस्तं." मग मेंढरं वळवायला उठली. जाताना चहा घेऊन जा म्हणाली नाही. दर वेळी म्हणते.

६ फेब्रुवारी

मंगलताईंनी नकाशा पसरला. मार्चमध्ये अरुणाचल ठरलेलं होतं. म्हटलं, बघू.

"वैनी, कॅमेरा काय फेकून देणार हाईस का?"

फेकून नाही देणार. आज सकाळी योगेश्वरीच्या देवळामागं तळ्याकडं गेले, तोफ न घेता. पाणकावळे होते, पंख वाळवत बसलेले. बघत बसले. परतताना वाटलं, फोटो हवा होता. म्हणजे सवय गेलेली नाही.

१३ फेब्रुवारी

दुपारी ज्वारीची भाकरी थापत होते. सरूबाईचा फोन. पंधरा दिवसांनी.

"कोकरू गेलं एक, परवा."

मग म्हणाली, "तीच हाय. वळखली मी. काल सकाळी पिलं बी दिसली."

"किती?"

"तीन दिसली. गवत लई हाय तिकडं."

कुठं, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मागं मेंढरं ओरडत होती. मग तिनं मंगलताईंचे गुडघे कसे आहेत विचारलं आणि फोन ठेवला.

तव्यावरची भाकरी करपली. मंगलताई दारात उभ्या. "काय म्हनली? आन् चौथं?"

म्हटलं, गवत खूप आहे तिकडं.