बाईचं नाव ठावं न्हाई

१२ मार्च १९७३

चावडीत मीटिंग झाली. साताऱ्याचा साहेब आला होता. दुष्काळी रस्त्याच्या कामावर बायकांना काय त्रास होतो ते विचारायला. कुणी काय सांगितलं ते बाहेर जाणार नाही, कुणाचं नाव लिहून घेणार नाही, मोकळेपणानं बोला, म्हणाला. कुणापुढं म्हणाला? सरपंच आप्पासो शेजारी बसून चहा ओततोय, पुढं तिन्ही टोळ्यांचे मुकादम मांडी घालून बसलेत, त्यात माझा ल्योक बाळासो पण. आणि आम्हा बायकांना मधे सतरंजी टांगून मागं बसवलेलं. म्हणजे आवाज कुणाचा ते कळायला नको!

अरे, आमच्या गावात सतरंजीमागं बाई खोकली तरी कुणाची सून ते पोरं सांगतात.

कुणी तोंड उघडलं नाही. तक्रार नाही असं समजून साहेब खूष होऊन गेला. मला शिसारी आली. चहा पण घेतला नाही.

१४ मार्च

बनुबाई कासारीण आली होती. गावातल्या प्रत्येक बाईचा हात तिच्या हातातनं जातो. मला बांगड्या भरायच्या नाहीत, रंडकीला काय बांगड्या. पण ती येते, तंबाखू खाते, बसते.

म्हणाली, काल एका पोरीच्या मनगटातनं काचा उपसल्या. बांगड्या वाढवल्या नव्हत्या, मोडल्या होत्या. कोपरापर्यंत निळं झालेलं. मुकादम म्हणाला म्हणे, आडोशाला चल, न्हाईतर आजची हजेरी लावत न्हाई. पोरगी हात सोडवून पळाली. घरी सांगितलं पडले म्हणून. सासऱ्याला कळलं तर तिलाच बाहेर काढील, आणि कामावरनं नाव गेलं तर खाणार काय? यंदा रानात गवताची काडी नाही.

बनुबाई नाव घेणार एवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "नाव सांगू नगंस. मला ठावं न्हाई तर माझ्या तोंडातनं निघंल कसं?" मुकादम कोण तेही पोरीनं सांगितलं नव्हतं. न सांगून काय, पलीकडच्या टोळीचा लालासाहेबच असणार. त्या माणसाची नजर कवा बाईच्या तोंडावर नसते.

१९ मार्च

साहेब दुसऱ्या फेरीला परत आला. परत तीच सतरंजी. मी ती बाजूला केली आणि पुढं जाऊन बसले. उगाच दुसऱ्या कुणाच्या आवाजावर संशय नको.

एवढंच सांगितलं, एका मुकादमानं एका बाईवर हात टाकला, हजेरी लावायच्या बदल्यात. बांगड्यांचं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर सगळं गाव बायकांचे हात बघत फिरलं असतं.

साहेब कागद काढून म्हणाला, आजी, त्या बाईचं नाव? मी म्हणाले, "नाव घेणार न्हाई म्हणाला हुता न्हवं?" त्यानं कागद घडी करून खिशात घातला.

लालासाहेब मागनं म्हणाला, "म्हातारे, आता तुझ्यावर कोण हात टाकाय बसलंय?" सगळे हसले. साहेब सुद्धा हसला, तोंडावर रुमाल धरून. बाळासो तेवढा हसला नाही. खाली मान घालून बसला. आईची टिंगल सोसवली नसंल.

२० मार्च

सकाळपासून माणसं दारात. कोण ती, कोण ती. हात कुणी टाकला ते एकानं विचारलं नाही. मला थुंकायला अंगण पुरलं नाही.

२२ मार्च

आप्पासोनं मला बिरोबाच्या देवळात नेलं. मुकादमांची बदनामी झाली म्हणे. देवापुढचा भंडारा उचल आणि बाईचं नाव सांग. भंडारा उचलून आमच्याकडं कुणी खोटं बोलत नाही. खोटं बोललं की घराचं वाटोळं होतं, ही लहानपणापासूनची भीती.

मी मूठभर हळद उचलली. "बाईचं नाव मला ठावं न्हाई." खरं तेच बोलले.

आप्पासोचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाला, मग रविवारपर्यंत नाव काढून आण, न्हाईतर गावातल्या समद्या बायका कामावरनं कमी करतो. एका पोरीसाठी सगळ्यांच्या चुली! असला हा गावचा बाप. आता बायका माझ्याशी बोलेनात. हिरीवर मी गेले की घागरी उचलून जातात. त्यातच ती पण असंल. तिनं काय करावं?

२५ मार्च

आज रविवार. नाव कुठलं आणणार!

बाळासो जेवायला बसला. सून लीला भाकरी थापत होती, नात माझ्या मांडीवर. लय गोड बोलत होता. "आये, मला तरी सांग. घरातलं घरातच ऱ्हाईल." मी म्हणाले, ठावं नाही. परत तेच. शेवटी ताट ढकललं आणि म्हणाला, "चार बांगड्या फुटल्या म्हणून काय कुणी मरतं व्हय? यवढा बोभाटा!"

बांगड्या.

मी बांगड्यांचं कुणाला बोलले नव्हते. साहेबाला नाही, आप्पासोला नाही. बनुबाई मला सांगून गेली त्याच दिवशी माल आणायला सांगलीला गेली ती अजून आलेली नाही.

लीलाची थापटी थांबली. मग परत सुरू झाली. तिनं वळून बघितलं नाही.

२६ मार्च

देवळातला भंडारा पदरात बांधून आणला. बाळासोपुढं धरला. "उचल. म्हण, मी न्हाई."

चपला घालत म्हणाला, "कामाला उशीर हुतोय."

ह्याला मी पाजलं. रडू पण आलं नाही. लालासाहेबाला मनात इतक्या शिव्या दिल्या, आणि माझ्याच ताटात जेवणारा निघाला. नातीचं लगीन कसं व्हायचं, लीलानं तोंड कुठं लपवायचं, आप्पासो आम्हाला गावात ठेवील का, बायकांना कामावर ठेवील का! दिवसभर हेच.

नाव न सांगणं सोपं होतं.

२८ मार्च

पहाटेच्या एस. टी. नं साताऱ्याला गेले. साहेबासमोर बसले. म्हणाले, बाईचं नाव ठावं न्हाई आणि कवा ठावं हुणार न्हाई. मुकादमाचं लिवा, बाळासो.

त्यानं लिहिलं. सांगणाऱ्याचं नाव आम्ही लिहीत नाही आजी, काळजी करू नका, म्हणाला.

"लिवा," म्हणाले. "मनुबाई. त्याची आई."