पाटलांनी जीप परत पाठवली

प्रिय शांता,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. पण तुला लिहायचं तरी काय? घरातलं, दुकानातलं सगळं तुला ठाऊकच असेल असं वाटायचं. आज मात्र असं काही घडलं, की ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

शहरातली ती जीप सकाळी पुन्हा आपल्या तलावावर आली. दर हिवाळ्यात बदकं मारायला येणारे तेच बंदूकवाले, पाटलांचे पाहुणे. पाटील बांधावरच उभे होते. त्यांनी पाहुण्यांची विचारपूस केली आणि शांतपणे म्हणाले, "घरी चला, जेवून जा. पण आमच्या तलावावर आता बंदूक चालत नाई."

जीप माघारी गेली, शांता! पाण्यावरची बदकं जागची हललीसुद्धा नाहीत. मग पाटील माझ्याकडे वळले. "तुह्या बायकोनं आमाले पाहाले शिकवलं," म्हणाले.

आठवतं, सुरुवात कुठून झाली ते? शिरपूरला देवळात येणाऱ्या यात्रेकरूंचे फोटो काढायचं आपलं एवढंसं दुकान. अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला तू माझ्याकडून शिकलीस आणि वर्षभरात माझ्या पुढे गेलीस. एक दिवस म्हणालीस, "हे सारे आपल्याकडं पाहून बसतात. जो आपल्याकडं पाहत नाई, त्याचा फोटो कसा काढाव?" मी हसलो. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी उजाडताच कॅमेरा घेऊन तलावावर गेलीस.

तुरीच्या तुराट्यांचा आडोसा करून, लुगडं खोचून, गुडघाभर पाण्यात तू तासन् तास उभी राहायचीस. गावात चर्चा झाली. माझे थोरले भाऊ घरी आले, घराण्याची सून अशी चिखलात उभी राहते, लोक हसतात म्हणाले. मी म्हटलं, हसू द्या, पण फोटो पाहायलाही बोलवा त्यांना. दाराआडून तू ऐकत होतीस. त्या रात्री माझ्या ताटात तूप जरा जास्तच पडलं होतं, बरं का!

एक तक्रार मात्र अजून आहे. लग्नासाठी ठेवलेला रोल तू कमळपक्ष्यावर संपवलास! मला लग्नघरी जाऊन हात जोडावे लागले. सांगायचं तरी होतंस! पण फोटो पाहिला आणि राग कुठल्या कुठे गेला. पानांवर तरंगणारं घरटं, त्यावर लांब शेपटीचा पक्षी अंडी उबवत बसलेला. तो नर आहे, मादी अंडी घालून निघून जाते, असं तू सांगितलंस. मी म्हटलं, म्हणजे घरी बसून भाकऱ्या थापणारा नवरा तिलाही मिळाला. किती हसलीस तू!

त्याच वर्षी हिवाळ्यात तू आडोशात असताना बंदुका सुटल्या. तू पळाली नाहीस, फोटो काढत राहिलीस. भिजलेल्या लुगड्यानिशी थेट दुकानात आलीस आणि अंधाऱ्या खोलीत शिरलीस. कागदावर हळूहळू चित्र उमटलं : उथळ पाण्यात पडलेला चक्रवाक, शेजारी मान खाली घालून उभा असलेला त्याचा जोडीदार आणि मागे पुसट दिसणारी जीप.

तो फोटो मोठा करून तू बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर लावलास. कमळपक्षी, टिबुकली, करकोचे सगळे त्याच्या आजूबाजूला. पाटील तणतणत आले. "माह्या पाहुण्यायचा फोटो कोणाले इचारून लावला?"

तू डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "पाहुणे त्यात पुसट हायत, पाटील. जे साफ दिसते ते पाहा."

ते पाहत राहिले. मग निघून गेले.

पुढच्या हिवाळ्यात जीप आलीच. बंदुकाही वाजल्या. तू खचलीस, पण पुन्हा फोटो काढलेस, पुन्हा ओसरीवर लावलेस. त्याच्या पुढच्याही वर्षी. आणि यंदा पावसाळ्यात काविळीनं तुला नेलं. चार महिने आणखी थांबली असतीस तर? हा एकच सल मनातून जात नाही.

बाकी माझा ऊर अभिमानानं भरून आला आहे, शांता. दुकानातल्या भिंतीवरचे पक्षी पाहून यात्रेकरू विचारतात, कोणी काढले? "माझ्या बायकोनं," असं सांगताना मी उठून उभा राहतो.

आता माझा शब्द ऐक. येत्या पावसाळ्यात कमळपक्षी घरटं करतील, तेव्हा दुकानाला कुलूप लावून मी त्या पाण्यात उतरेन. माझा हात हलेल, फोटो बिघडतील, गाव हसेल. हसू दे. तलावाचं एकही वर्ष फोटोवाचून जाऊ देणार नाही.

तुझाच,
उत्तम