पहिल्या कपाचा मान

४ मार्च
करकरीतनं (सोबतचा खलाशी; रोज कडक इस्त्री, म्हणून मी ठेवलेलं नाव) आज पुन्हा माझ्या आधी कप उचलला! आमच्या फेरीबोटीवर चहा नोकरीच्या क्रमानं फिरतो — जुना आधी, नवा शेवटी, त्याच्या नशिबी गाळ. हा थेट कायम म्हणून लागला. मी त्याच्या आधी दोन वर्षं तात्पुरता राबलो, पण कायम झालो त्याच्या मागून. म्हणून गाळ मला!

सुकाणूवरचे आजोबा निवृत्त होताहेत. जागा सगळ्यात ज्येष्ठ खलाशाला. "तुझी तात्पुरती वर्षं कोण मोजतो?" करकरीत म्हणतो.

बेकरी सोडली, सर्कस सोडली, टायरचं दुकानही. इथे टिकलो ते सुकाणूसाठी. नाही मिळालं तर निघालोच — थैली भरलेलीच आहे.

७ मार्च
तात्पुरती वर्षं धरा म्हणून साहेबांकडे अर्ज. मधेच पलीकडच्या काठावरच्या पांढऱ्या गाढवाबद्दल लिहिलं. आमच्याच बोटीवरची खलाशी अक्का, तिनं खोडायला लावलं. "भटक्या, मुद्द्यावर ये!" दोर बांधायलाही हिनंच शिकवलं मला.

१५ मार्च
उत्तर नाही. गाढवही नाही.

२१ मार्च
जिंकलो!! साहेब म्हणाले, "तुला घेतलं तेव्हा कायम जागा रिकामी होती, परीक्षा घेऊन नेमलं होतं, मधे खंड नाही. तात्पुरती वर्षं धरावीच लागतील."
"पण साहेब, तो तात्पुरता होता!" — करकरीत.
"बोट तर खरीच चालवत होता ना?"

उड्या मारत बोटीवर आलो. किटली हिसकावली. आज नव्या क्रमानं चहा! पहिला कप माझा — ओठांपर्यंत नेला आणि हात थांबला. अक्का! तीही परीक्षा देऊन लागलेली, तात्पुरतीच, माझ्या कितीतरी आधी. कायम झालो दोघं एकाच दिवशी, म्हणून कुणाच्या लक्षातच नाही. माझ्याही!

कप तिच्यापुढे धरला.
"मला कशाला रे? पी गुमान."
"अक्का, माझी वर्षं धरली तर तुझीही धरतील."
तिनं कप परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "वेड्या, सुकाणू जाईल तुझं."

नाही प्यायलो. तिनंच प्यायला, फुंकत फुंकत.

२२ मार्च
अक्काचा अर्ज मीच लिहिला. गाढवाशिवाय! ओढत नेलं तिला साहेबांकडे.

२ एप्रिल
सुकाणू अक्काला! करकरीत खिदळला, "घे, मारलास पायावर धोंडा!" खिदळू दे — गाळ आता त्याच्याकडे. काठ सोडताना अक्का ओरडली, "भटक्या, भोंगा!" असा वाजवला, असा वाजवला — दोन्ही काठांवरची माणसं बघायला आली.

खोलीवर येऊन थैली रिकामी केली. सगळे कपडे खुंटीवर.