पोळा झाल्यावर खाली

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
बोरी, ता. जिंतूर
३ ऑगस्ट २०२४

चि. निकितास आईबापाचा लय लय आशीर्वाद. वि. वि.

इकडं खुशाल. तुज्या आईचा गुडगा दुखायलाय, पर जिभंला आराम न्हाई. आठ दिस झाले पोरीचा कागद न्हाई म्हणून मलाच बोलायलीय. फोनवर तू लगीच रडतीस, म्हणून कागदच बरा.

कामाचं लिव्हतो. माळावरचं गवत पोळ्यापस्तोर पुरंल. मग दरसाल आमी मेंढरं घेऊन देवगाव फाट्याकडं, दुधना नदीच्या काठी उतरतो. तितं हिरवं असतंय, आन रानात मेंढरं बसवली की खताच्या बदल्यात शेतकरी दाणे देतेत. कवा उतरायचं ते माज्या बापाला आभाळ बघून कळायचं. मला आता कायबी कळंना, पावसाचा ठिकाणाच राहिला न्हाई. लिंबाजी आन बाकीचे मेंढके मलाच इचारायलेत, कारण माजी लेक जहाजावर जाऊन दर्याच्या पाण्याची गरमी मोजती. पाऊस दर्यातूनच येतोय ना? मग सांग, पोळ्यानंतर उतरावं का? एकशेचाळीस मेंढरं हायत, सगळं त्याच्यावरच हाय.

लोभ हाय तसाच ठेव.
तुजा बाप,
भुजंग

गोवा
१४ ऑगस्ट २०२४

ती. आबा व ती. आई यांच्या चरणी निकिताचा शि. सा. न. वि. वि.

आई, आठ नाही, सहाच दिवस झाले होते. मोजायचा तर मला पगार मिळतो! गुडघ्याला तेल लाव आणि आबांना बोलू नकोस.

आबा, मी मोजते ते दोन-दोन हजार मीटर खोलचं पाणी. ते इतकं सावकाश चालतं की जगभरचा एक फेरा पुरा व्हायला हजारभर वर्षं लागतात. त्यावरून पुढच्या महिन्याचा पाऊस सांगता येत नाही. पण तुम्ही एवढ्या आशेनं विचारलंत. माझं मन म्हणतं, पोळ्यानंतर उघाड पडेल. बिनघोर उतरा. लिंबाजीकाकांना म्हणावं, सल्ल्याबद्दल एक घोंगडी लागू झाली.

दोघांची माया अशीच असू द्या.
तुमची,
निकिता

बोरी
२२ सप्टेंबर २०२४

चि. निकितास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कसं लिव्हावं सुदरंना. तुजा कागद मी बिरोबाच्या देवळात सगळ्यांम्होरं वाचला. आदीचं हजार वर्साचं कुणी ध्यानात घेतलं न्हाई, मीबी न्हाई. बिनघोर उतरा, तेवढंच आमी ऐकलं. देवानं कौल द्यावा तसं. चार कळप खाली उतरले.

चवथ्या दिशी भर दुपारी पाणी आलं. आमच्या डोस्क्यावर ऊन व्हतं, पाऊस वर कुटंतरी पडला असंल. एक मेंढरू बिचकून पाण्यात शिरलं आन बाकीची त्याच्यामागं. आमी वरडून वरडून थकलो. माजी चौतीस राहिली, लिंबाजीची नऊ. माणसं वाचली.

तुला कुणी बोल लावीत न्हाई. म्हणतेत, पुढल्या साली पोरीला जरा लवकर इचारू.

जीवाला खाऊ नको.
तुजा बाप,
भुजंग

गोवा
६ ऑक्टोबर २०२४

ती. आबा व ती. आईंना निकिताचा शि. सा. न. वि. वि.

आबा, चूक माझी. मला ठाऊक नव्हतं आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं. माझ्या तोंडाला आग लागो.

आता खरं लिहिते, हेही देवळात वाचा. धुराड्यांनी वाढवलेली बहुतेक सगळी गरमी समुद्रानं गिळलीय आणि ती खोल उतरत चाललीय. उद्या जगातली सगळी धुराडी बंद झाली तरी ती तुमच्या हयातीत निघणार नाही, माझ्याही नाही, माझ्या नातवंडांच्याही नाही. त्या गरमीनंच पाऊस बिथरलाय; आजोबांना आभाळ बघून कळायचा तो पाऊस आता नाही, आबा. पुढच्या साली मला विचारू नका. राहिलेली मेंढरं विका आणि दोघं इकडं निघून या. पाया पडते.

रागावलात तरी चालेल, पण या.
निकिता

बोरी
१२ ऑगस्ट २०२५

चि. निकितास आईबापाचा आशीर्वाद. वि. वि.

गेल्या सालचा तुजा कागद देवळात वाचला. मग लिंबाजी म्हणला, पोरीनं खरं लिव्हलंय. मलाबी पटलं, अक्षर न् अक्षर पटलं.

पर पटून करावं काय? ह्या उमरीला दुसरं हुन्नर येत न्हाई. तुज्या खोलीत दर्याकडं तोंड करून किती दिस बसू? यंदा माळावरचं गवत आत्ताच सरलं. हजार वर्साचं सांगून मेंढरं ऐकत न्हाईत माय, त्यास्नी सकाळी चारा लागतो. हिरवं फकस्त दुधनेच्या काठी हाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी तितंच उतरायलोत. तुजी आईबी संगं येतीया, लय सांगितलं, ऐकंना.

उतरावं का न्हाई, ते यंदा तुला इचारीत न्हाई. आता कागद धाडू नको, घराला कुलूप ऱ्हाईल. दसऱ्यापस्तोर आमचा निरोप आला न्हाई तर तू ये. किल्ली शेजारच्या शिवकन्याकडं ठिवलीय.

तुज्यावर राग न्हाई, तूबी धरू नको.
तुजा बाप,
भुजंग